कारखान्यासाठी व्हर्च्युअलायझेशन प्लॅटफॉर्म निवडताना: आधी स्टोरेज, मग बाकीचं

भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात तीन सर्व्हर, त्यांच्यामागे एक आय-स्कझी (नेटवर्कवरून डिस्क पुरवणारा) स्टोरेज बॉक्स आणि वर एका सर्व्हरमध्ये अनेक आभासी मशिन (व्हीएम) चालवणारं व्हीएमवेअर इसेन्शियल्स प्लस हे सॉफ्टवेअर, अशी मांडणी होती. ईआरपी, टॅली, फाइल सर्व्हर, हजेरी, कॅडची लायसन्सं, सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर आणि लिनक्सची पाच मशिन मिळून अकरा व्हीएम. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं, त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, पुढे इसेन्शियल्स प्लसही बंद झालं. आमची आवृत्ती ७ होती आणि तिचा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आणि तिथून उलटं मोजत कामाला लागलो.

नव्या पद्धतीत लायसन्स कोअरवर मोजलं जातं आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरले जातात. आमच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये १२ कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्षात ७२ कोअर. पण हिशेब ९६ चा. दरवर्षी, आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यामुळे पर्याय शोधणं भाग होतं. तरी पहिले तीन आठवडे एकही प्लॅटफॉर्म उघडून पाहिला नाही, आणि ते बरोबर ठरलं.

त्या तीन आठवड्यांत फक्त मोजदाद केली. आरव्हीटूल्स या साधनाने सगळ्या व्हीएमची यादी एक्सेलमध्ये काढली आणि महिनाअखेर सापडेल अशा बेताने वापराचे आकडे गोळा केले. व्हीएमना दिलेली मेमरी १६४ जीबी होती, लागत होती १०४. डिस्क दिलेली ५.८ टीबी, भरलेली ३.१. यादीत प्रत्येक मशिनपुढे आणखी काही रकाने घातले: बूट जुन्या बायोसवरून आहे की नव्या यूईएफआयवरून, जुने स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) पडून आहेत का, लायसन्सचा यूएसबी डोंगल आहे का, कुठलं लायसन्स नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं आहे का. शेवटचे दोन रकाने मात्र आयटीवाल्याने भरायचे नसतात. सर्व्हर पडला तर किती वेळ थांबता येईल आणि किती मिनिटांच्या नोंदी पुन्हा टाकणं चालेल, हे अकाउंट्स, स्टोअर आणि मालक यांना समोर बसवून विचारलं. अकाउंट्सने पाच मिनिटं मान्य केली, कारण व्हाउचर कागदावर असतात. ड्रॉइंगच्या फायलींना पंधरा मिनिटं, हजेरीला तास. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन रकान्यांवरून झाला.

आता मुद्द्याचं. हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, निवडतोय असं वाटत असतं, पण खरी निवड स्टोरेजची असते. जुना आय-स्कझी बॉक्स ठेवायचा म्हटलं तर व्हीएमवेअरची व्हीएमएफएस फाइलसिस्टीम त्याच्यावर जे सहज करत होती, ते दुसरीकडे तसं मिळत नाही. प्रॉक्समॉक्स या लिनक्सवर चालणाऱ्या पर्यायाच्या आवृत्ती ८ मध्ये अशा सामायिक आय-स्कझीवर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडून देणारी लिनक्सची सोय) वापरलं तर व्हीएमचे स्नॅपशॉट घेता येत नाहीत. ऑगस्ट २०२५ ला आलेल्या आवृत्ती ९ मध्ये ती सोय प्रायोगिक स्वरूपात आली, तोवर आमचा निर्णय झाला होता. शिवाय तो बॉक्स जुना, सुटे भाग मिळायची मारामार, आणि तो एक पडला की तिन्ही सर्व्हर रिकामे. त्याला रजा द्यायची हे पहिलं ठरलं. मग उरले दोन रस्ते. सेफ (Ceph), म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच स्टोरेज करणारी प्रणाली, उत्तम आहे, पण त्याला किमान तीन सर्व्हर, किमान १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क लागतं आणि प्रत्येक डेटाच्या तीन प्रती ठेवायच्या म्हणजे वापरायला एक तृतीयांशच जागा मिळते. अकरा व्हीएमसाठी एवढा पसारा नको. दुसरा रस्ता म्हणजे दोन सर्व्हर, दोन्हींत स्वतःच्या डिस्कवर झेडएफएस ही फाइलसिस्टीम, आणि ठरावीक मिनिटांनी एकाची प्रत दुसऱ्यावर. इथे प्रत कायम थोडी मागे असते, म्हणून तर पाच आणि पंधरा मिनिटांचे रकाने आधी भरून घेतले होते.

एवढं ठरल्यावर प्लॅटफॉर्मची चाळणी आठवड्यात उरकली. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही शेवटपर्यंत शर्यतीत होता. सगळी मशिन विंडोजची आणि सर्व्हर दोनच असतील, तर मी आजही तोच सुचवीन. तो विंडोज सर्व्हर स्टँडर्डबरोबर येतो आणि त्याची रेप्लिका सुविधा ३० सेकंद, ५ किंवा १५ मिनिटांवर लावता येते. आमच्याकडे निम्मी मशिन लिनक्सची आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागणार होतं. एक्ससीपी-एनजी हा आणखी एक पर्याय चांगला वाटला, पण त्याच्या व्हीएचडी डिस्कला २ टीबीची मर्यादा आणि आमच्या फाइल सर्व्हरची एकच डिस्क २.६ टीबीची. प्रॉक्समॉक्स निवडला तो मुख्यतः त्याच्या बॅकअप सर्व्हरसाठी आणि व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरवरून थेट आयात करणाऱ्या विझार्डसाठी, जो ८.२ पासून आहे. सपोर्टचं एक नीट समजून घ्या: कंपनी व्हिएन्नाची आहे, सबस्क्रिप्शन प्रोसेसर सॉकेटवर मोजतात आणि मदत ऑस्ट्रियाच्या कामाच्या दिवशी, तिथल्या कार्यालयीन वेळेत मिळते. तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. रात्रपाळीसाठी स्थानिक माणसाशी वेगळा करार लागतोच.

हार्डवेअर घेताना विंडोजचं लायसन्स समोर ठेवलं. स्टँडर्डमध्ये प्रत्येक सर्व्हरचे किमान १६ कोअर मोजतात आणि तेवढ्यात दोन विंडोज व्हीएम बसतात. आणखी दोन हव्या तर सगळे कोअर पुन्हा मोजायचे. म्हणून एकाच सॉकेटचे, बरोबर १६ कोअरचे दोन सर्व्हर घेतले. सहा विंडोज मशिनसाठी तीनदा १६, म्हणजे ४८ कोअरची लायसन्सं. ती दोन्ही सर्व्हरना लागतात, कारण एक पडला की सहाही मशिन दुसऱ्यावर जाणार आणि लायसन्स एकदा हलवलं की ९० दिवस परत हलवता येत नाही. प्लॅटफॉर्म फुकटचा असला तरी हा खर्च सुटत नाही, आणि बऱ्याच कोटेशनमध्ये तो दुसऱ्या सर्व्हरसाठी धरलेलाच नसतो.

मेमरी प्रत्येकी २५६ जीबी: एकट्या सर्व्हरवर अकराही व्हीएम बसल्या पाहिजेत, वर झेडएफएसच्या कॅशला ३२ जीबी. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही कॅश मेमरीच्या १० टक्के आणि फार तर १६ जीबी एवढीच ठेवलेली असते, ती हाताने वाढवली. डिस्क ३.८४ टीबीच्या चार, दोन-दोनच्या मिरर जोड्यांत, साधारण ७.७ टीबी, त्यातले ८० टक्केच भरायचे. आरएआयडी-झेड (झेडएफएसची जागा वाचवणारी पॅरिटीची मांडणी) घेतलं नाही, कारण व्हीएमच्या छोट्या ब्लॉकमुळे त्यात वाचलेली जागा पॅडिंगमध्येच जाते आणि लिहिण्याचा वेगही कमी पडतो. आरएआयडी कार्ड नको, डिस्क नुसत्या जोडून देणारं साधं एचबीए कार्ड हवं. झेडएफएसला डिस्क थेट दिसल्या पाहिजेत.

एसएसडीबाबत तडजोड अजिबात करू नका. एका पुरवठादाराने चाचणीसाठी डेस्कटॉपच्या एसएसडी लावून दिल्या होत्या. फाइल कॉपी झकास चालायची, पण डेटाबेस सुरू झाला की सगळं गारठायचं. वीज गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर त्या डिस्कमध्ये नसतात, त्यामुळे डेटाबेसचा प्रत्येक ‘आत्ताच्या आत्ता लिही’ हा हुकूम फ्लॅशपर्यंत पोचेस्तोवर थांबावं लागतं. कोटेशनमध्ये ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ हे शब्द लिहूनच घ्या.

दोन सर्व्हरच्या क्लस्टरला तिसरं मत लागतं, नाहीतर एक पडल्यावर दुसरा बहुमत नाही म्हणून हातावर हात धरून बसतो. ते मत क्यूडिव्हाइस म्हणून बॅकअपच्या मशिनवर ठेवलं. क्लस्टरमधल्या सर्व्हरचा (नोडचा) आपसातला संपर्क राखणाऱ्या कोरोसिंकला स्वतःची १ गिगाबिटची केबल दिली आणि रेप्लिकेशनला दोन सर्व्हरमध्ये थेट १० गिगाबिटची. कोरोसिंकला वेग लागत नाही, पण उशीर मुळीच सोसत नाही. बॅकअपच्या वाहतुकीत तो अडकला तर नोड स्वतःहून रीबूट होतात. आपोआप फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की व्हीएम दुसऱ्यावर सुरू होणं) हजेरी आणि प्रिंट सर्व्हरलाच लावला. ईआरपीला मुद्दाम नाही, कारण तिथे तो पाच मिनिटं जुन्या प्रतीवर गुपचूप उठेल आणि लोक त्यावर पुढच्या नोंदी टाकत बसतील. तिथे माणसाने बघून, अकाउंट्सला फोन करून मगच सुरू करायचं.

स्थलांतर गुरुवारी, भोसरीच्या औद्योगिक सुट्टीच्या दिवशी. एका गुरुवारी दोन ते तीन मशिन, ईआरपी सगळ्यांत शेवटी. डोमेन कंट्रोलर हलवलाच नाही. नवीन उभा करून भूमिका त्याच्याकडे दिल्या आणि जुना रीतसर उतरवला. आयात व्ही-सेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन सर्व्हरमार्फत न करता थेट ईएसएक्सआयशी जोडून करा, वेगात कित्येक पटींचा फरक पडतो. त्याआधी स्नॅपशॉट काढून टाका. व्हीएम चालू ठेवून आयात करायची सोय आहे, पण मध्येच तुटली तर दरम्यान लिहिलेलं सगळं जातं. आम्ही प्रत्येक मशिन बंद करूनच हलवलं.

विंडोजचा क्रम सांगतो, कारण अडखळतं ते इथेच. जुन्या जागी असतानाच व्हर्टआयओचे (प्रॉक्समॉक्सच्या आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्डाचे) ड्रायव्हर टाका, आयपी आणि मॅक पत्ता लिहून घ्या, मग व्हीएमवेअर टूल्स काढा. नंतर ते नीट निघत नाहीत. आयातीनंतर बूट डिस्क आधी साटावर ठेवा. सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा आणि मशिन सुरू करा. विंडोजला ते कंट्रोलर एकदा प्रत्यक्ष दिसलं की त्याचा ड्रायव्हर बूटच्या यादीत बसतो. मग मशिन बंद, रिकामी डिस्क काढा, बूट डिस्क स्कझीवर आणा आणि बूटचा क्रम पुन्हा लावा. ही पायरी गाळली की निळा स्क्रीन आणि त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

फाइल सर्व्हर हलवला तेव्हा मशिन व्यवस्थित सुरू झालं, नेटवर्क आलं, पण डी ड्राइव्ह गायब आणि सगळे शेअर रिकामे. डेटा जागेवरच होता. कंट्रोलर बदलल्यामुळे विंडोजने आपल्या सॅन धोरणानुसार डिस्क ‘ऑफलाइन’ ठेवली होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवी क्लिक, ‘ऑनलाइन’, आणि सर्व्हर सर्व्हिस पुन्हा सुरू केली की शेअर परत. दुसरी खोच म्हणजे जुन्या नेटवर्क कार्डाचं भूत: तोच आयपी द्यायला गेलात की हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे म्हणतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढा. लिनक्सवर कार्डाचं नाव ईएनएस-१९२ चं ईएनएस-१८ होतं, त्यामुळे जुन्या नावाने लिहिलेली नेटवर्कची फाइल निरुपयोगी होते. आधीच बदलून ठेवा.

टॅलीचं लायसन्स हलवण्याआधी सरेंडर केलं आणि नव्या जागी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केलं. कॅडचं एक लायसन्स मॅक पत्त्याला बांधलेलं होतं, तिथे जुना पत्ता, ००:५०:५६ ने सुरू होणारा, हाताने टाकला. अशा वेळी जुनी व्हीएम चुकूनही सुरू करू नका, एका नेटवर्कात एकाच पत्त्याची दोन मशिन होतील. डोंगल ज्या सर्व्हरला लावला त्यालाच ती व्हीएम बांधली जाते. सर्व्हर पडला तर डोंगल हाताने दुसरीकडे लावायचा. त्याच्या पोर्टवर पिवळी पट्टी चिकटवली आहे.

बॅकअपचा सर्व्हर वेगळ्या मशिनवर, डोमेनच्या बाहेर, वेगळ्या पासवर्डने. क्लस्टरला दिलेल्या टोकनला फक्त बॅकअप टाकायची परवानगी, पुसायची नाही. क्लस्टरमध्ये रॅन्समवेअर शिरलं तरी जुन्या प्रती त्याच्या हाती लागू नयेत. ईआरपी दर दोन तासांनी, बाकी रोज रात्री. १४ दैनिक, ८ साप्ताहिक, १२ मासिक प्रती. दुसरी प्रत रोज पहाटे शहरातल्या ऑफिसमध्ये जाते. कंपनीच्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा असा नियमच आहे, तोही यात भागतो.

पहिल्या आठवड्यात तक्रार आली की रात्री अकरानंतर ईआरपी हळू चालतं. कारण बॅकअपचंच होतं. बॅकअप चालू असताना व्हीएमने एखादा ब्लॉक बदलायचा म्हटलं की जुना ब्लॉक आधी बॅकअप सर्व्हरकडे जातो. तिथल्या हार्ड डिस्क संथ असतील तर व्हीएमचं लिहिणंही तेवढं थांबतं. ‘फ्लीसिंग’ चालू केल्यावर जुने ब्लॉक आधी स्थानिक एसएसडीवर उतरतात, आणि तक्रार मिटली. बॅकअप सर्व्हरच्या मेटाडेटासाठीही दोन छोट्या एसएसडीचा मिरर लावला, नाहीतर हार्ड डिस्कवर गार्बेज कलेक्शन (नको झालेला डेटा काढणं) आणि पडताळणी संपता संपत नाही.

मग रिस्टोअरची तालीम. फाइल सर्व्हरचा १.४ टीबी डेटा परत यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, ईआरपीला बावीस मिनिटं. हे आकडे यादीतल्या त्या शेवटच्या दोन रकान्यांशेजारी लिहिले. फाइल सर्व्हरला दोन तासांहून जास्त थांबणं चालणार नव्हतं, म्हणून जुनी ड्रॉइंग वेगळ्या व्हीएमवर काढली आणि रिस्टोअर दीड तासावर आणलं. ती तालीम आता दर तिमाहीला, गुरुवारीच असते, आणि जुने तीन सर्व्हर पहिल्या दोन तालमी पार पडेपर्यंत नेटवर्कची केबल काढून रॅकमध्येच ठेवले होते.