कानफ्रांकचं स्टेशन आणि स्पेनची 'तटस्थता'

बार्सिलोना, माद्रिदवर ढिगाने लिहिलं गेलंय त्यामुळे ते सोडून देते, मला स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या कानफ्रांक या छोट्या गावाबद्दल लिहायचंय.

सारागोसाहून ट्रेन इतकी रमतगमत जाते की जीव कंटाळतो, पण पिरेनीजचे डोंगर सुरू झाले की सगळं माफ. १९२८ साली उघडलेलं हे स्टेशन, २४१ मीटर लांब, एवढ्याशा गावात महालासारखं उभं. आहे स्पेनच्या हद्दीत, पण तेव्हा कारभार दोन्ही देशांचा होता, फ्रान्सचं कस्टम्सही इथेच होतं. आता आत महागडं हॉटेल आहे आणि गर्दी सगळी फोटोंसाठी.

गाईडने छत, खिडक्या, लाकूडकाम सगळं हौसेने दाखवलं आणि दुसऱ्या महायुद्धाचा विषय आला तर म्हणाली, स्पेन तटस्थ होता, चला पुढे. मला ते फार लागलं. अहो, याच प्लॅटफॉर्मवर ती तटस्थता काय होती ते दिसत होतं! स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोला हिटलरची विमानं मिळाली, त्यांच्या बॉम्बफेकीत गेर्निका हे गाव बेचिराख झालं १९३७ मध्ये, ते उपकार डोक्यावर होतेच. ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रँको आणि हिटलर फ्रान्सच्या सीमेवरच्या आंदाय स्टेशनवर भेटले, फ्रँकोने धान्य, इंधन, वर मोरोक्को मागितलं, सौदा जमला नाही म्हणून स्पेन युद्धात उतरला नाही. तरी १९४१ मध्ये रशियाशी लढायला 'ब्लू डिव्हिजन' ही स्वयंसेवकांची तुकडी पाठवलीच. आणि टंगस्टन, चिलखत भेदणाऱ्या तोफगोळ्यांना लागणारं, ते इथून जर्मनीकडे जायचं आणि उलट दिशेने सोनं यायचं, त्यातलं बरंचसं नाझींनी लुटलेलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्स घेतला आणि त्यांचे सैनिक या स्टेशनात येऊन बसले. तटस्थ देशाच्या जमिनीवर, गणवेशात! अमेरिकेने १९४४ च्या जानेवारीत स्पेनचं तेल तोडलं तेव्हा कुठे मे महिन्यात स्पेनने टंगस्टन कमी केलं.

पण याच रुळांवरून ज्यू निर्वासित जीव मुठीत घेऊन स्पेनमध्ये आले, हेही तितकंच खरं. फ्रेंच कस्टम्सचा प्रमुख आल्बेर ल ले जर्मनांच्या नाकासमोर लोकांना पार करवायचा, दोस्त राष्ट्रांसाठी गुप्त निरोप पोचवायचा, आणि १९४३ मध्ये पकडला जाणार असं दिसल्यावर निसटला. त्याच्याबद्दल मी तिथे दोन प्रश्न विचारले, उत्तरं तुटक मिळाली. मला त्या खिडक्यांचा आकडा नको होता हो, तो माणूस हवा होता.

जाणार असाल तर वाचून जा, नाहीतर नुसती सुंदर इमारत बघून याल. १९७० मध्ये फ्रान्सच्या बाजूचा पूल मालगाडीच्या अपघातात पडला तेव्हापासून रेल्वे इथेच संपते, मी पुढे बसने फ्रान्समधलं पो शहर गाठलं. युद्धाचं नीट सांगणारं कुणी भेटणार असेल तर मी पुन्हा तिकीट काढून जाईन, खरंच.