नऊशेवर तिघांचे आवाज

तक्रार अशी होती: आमच्या रेडिओ केंद्राचा निवेदक वाक्यांच्या मध्ये क्षणभर थांबला की मागून दुसऱ्याच केंद्राच्या बातम्या ऐकू येतात. एका श्रोत्याने फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं. आमच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात, आलापाच्या पोकळीत, एक घोगरा आवाज हवामानाचा अंदाज सांगत होता. त्याच्याही मागे, कान देऊन ऐकलं तर, कुठलंसं हलकंफुलकं गाणं चालू होतं. श्रोत्यांचं निदान एकमुखी होतं: पूर्वेचं केंद्र तुमच्या जागेवर घुसलंय.

केंद्रांची नावं मी सांगत नाही आणि फ्रिक्वेन्सीही बदलून लिहितेय. गणित मात्र जसंच्या तसं आहे. आमचं केंद्र ९०० किलोहर्ट्झवर, पूर्वेचं ८१० वर आणि दक्षिणेचं ७२० वर आहे असं धरा. तक्रारी ज्या छोट्या शहरातून येत होत्या, ते त्या दोघांच्या मास्टपासून, म्हणजे प्रक्षेपणाच्या मनोऱ्यांपासून, हाकेच्या अंतरावर होतं. आमचा मास्ट उत्तरेला, पन्नासेक किलोमीटर लांब. म्हणजे शहरात आमचा सिग्नल चांगला ऐकू येण्याइतका होता, पण शेजाऱ्यांच्या मानाने किरकोळ.

मध्यम लहरींवर दुसऱ्याचा आवाज येणं ही नवलाची गोष्ट नाही. दिवसा आयनांबराचा, म्हणजे उंच वातावरणातल्या विद्युतभारित थरांपैकी, खालचा डी थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत जाणारी लहरच तेवढी पोचते. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरचं, त्याच फ्रिक्वेन्सीचं केंद्र आपल्या डोक्यावर येऊन बसतं. रात्रीच्या तक्रारींपैकी बहुतेक या वर्गातल्या असतात आणि त्यांना आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे. पण इथे आवाज भर दुपारी येत होता. आकाशातून आला म्हणायची सोय नव्हती.

दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे शेजारचा चॅनेल. १९७५ च्या जिनिव्हा योजनेने युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात मध्यम लहरींचे चॅनेल ९-९ किलोहर्ट्झवर आखले. ती योजना २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. (अमेरिका खंडांत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे.) शेजारच्या चॅनेलवरचं जोरदार केंद्र आत डोकावलं तर कानाला टोचणारी बारीक शिट्टी येते आणि फाटकी कुजबुज. इथे शिट्टी नव्हती. शिवाय ८१० आणि ९०० यांत ९० किलोहर्ट्झचं अंतर. एवढ्या लांबून डोकावणारं केंद्र मी तरी पाहिलेलं नाही.

ऑफिसात यावर बैठक झाली. वरिष्ठांनी पूर्वेच्या केंद्राला पत्र लिहिलं: तुमच्या ट्रान्समीटरमधून ९०० वर अनावश्यक उत्सर्जन होतंय, तपासा. त्यांच्या इंजिनिअरने आलेख जोडून उत्तर पाठवलं. त्यांचं आउटपुट स्वच्छ होतं आणि पत्राची भाषा तापलेली होती. एका जुन्या सहकाऱ्याने लक्झेंबर्ग इफेक्टचा मुद्दा काढला. १९३३ मध्ये नेदरलँड्समधले बर्नार्ड टेलेगेन स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर ऐकत असताना त्यांना त्यात लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला होता. लक्झेंबर्गची ताकद इतकी होती की तिने आयनांबरच हलवलं आणि त्यातून जाणाऱ्या परक्या लहरीवर आपला आवाज चढवला. गोष्ट मोठी सुंदर आहे, पण तीही आयनांबराची, म्हणजे रात्रीचीच. मला मात्र त्या रेकॉर्डिंगमधलं एक सतत खटकत होतं: बातम्यांचा आवाज फाटलेला आणि गाणं जवळजवळ स्वच्छ. एकाच चोराच्या दोन पावलांचे ठसे असे वेगळे का?

तिढा सुटला तो एका वहीमुळे. तक्रारदारांपैकी एक निवृत्त गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणते. रेडिओ हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्यांनी रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या: कधी आवाज सुरू झाला, कधी थांबला, हवा कशी होती. फोनवर वाचून दाखवताना ते म्हणाले, "मॅडम, एक गंमत सांगू? दुपारी दक्षिणेचं केंद्र विश्रांती घेतं ना, त्या मिनिटाला गाणं जातं. ते जायलाच हवं. पण त्याच मिनिटाला बातम्यापण जातात. आणि पूर्वेचं तर चालूच असतं, ८१० वर लावून बघितलंय मी."

मी त्यांना ते पुन्हा वाचायला लावलं. एक केंद्र बंद झाल्यावर दोघांचेही आवाज जातात, याचा अर्थ तो सिग्नल दोघांपैकी एकट्या कुणाचाच नव्हता. दोघं मिळून कुठेतरी तो तयार होत होता. आणि ८१० ची दुप्पट १६२०, त्यातून ७२० गेले की उरतात बरोबर ९००.

याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. दोन जोरदार सिग्नल जिथे सरळ न वागणाऱ्या एखाद्या जोडात एकत्र येतात, तिथे त्यांच्या बेरजा-वजाबाक्या जन्माला येतात. सगळी केंद्रं ९ च्या पटीत बसवलेली असल्याने या वजाबाक्याही नेमक्या ९ च्या पटीत, म्हणजे कुणाच्या तरी चॅनेलच्या मधोमध पडतात. म्हणून शिट्टी नव्हती. फाटलेल्या आवाजाचाही उलगडा झाला: या हिशेबात ८१० दोनदा येतो, त्याचा आवाज स्वतःशीच गुणला जातो आणि फाटतो, ७२० एकदाच येतो, म्हणून गाणं साफ.

आता जन्माची जागा शोधायची होती. शक्यता तीन. पहिली, श्रोत्यांच्या रेडिओतच ही बेरीज-वजाबाकी होत असेल. दोन मोठ्या मास्टच्या सावलीत स्वस्त संच गुदमरतात. दुसरी, दक्षिणेचा सिग्नल पूर्वेच्या अँटेनातून उलटा त्यांच्या शेवटच्या अँप्लिफायरमध्ये शिरत असेल आणि तिथे मिसळून पुन्हा बाहेर पडत असेल. अशा वेळी यजमान केंद्राची फ्रिक्वेन्सी दोनदा येणारी वजाबाकीच जोरात निघते, त्यामुळे पूर्वेच्या लोकांवरचा संशय पूर्ण फिटला नव्हता. तिसरी शक्यता, दोन्हींपासून वेगळी अशी एखादी गंजकी धातूची वस्तू. आमच्या धंद्यात तिला रस्टी बोल्ट म्हणतात.

मी, आमचा तंत्रज्ञ आणि ड्रायव्हर असे तिघं सकाळीच निघालो. वेळेचं गणित अवघड होतं. आमचा स्वतःचा सिग्नल ९०० वर असताना त्याच्याखाली दडलेल्या अशक्त सिग्नलची दिशा काढता येत नाही. आमची दुपारची विश्रांती दक्षिणेच्या आधी सुरू होते. म्हणजे आम्ही बंद आणि ते दोघंही चालू, असा तासाभराहून कमी वेळ हाती होता. त्यांनी विश्रांती घेतली की शोधायचा सिग्नलच नाहीसा होणार.

काकांच्या गच्चीवर सिग्नलची ताकद मोजायचा मीटर आणि दिशा शोधायची लूप अँटेना मांडली. आमची वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून नेणारा मूळ सिग्नल, ठरल्या वेळी गेली. जे रिकामं व्हायला हवं होतं त्या ९०० वर पूर्वेचा निवेदक आणि दक्षिणेचं गाणं, दोघंही एकाच ठिकाणी, आरामात. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं होतं तरी अंगावर काटा आला. त्या फ्रिक्वेन्सीवर त्या घडीला जगातल्या आमच्या कोपऱ्यात कुणीही प्रक्षेपण करत नव्हतं आणि दोन केंद्रं तिथे बोलत होती.

आधी रेडिओवरचा संशय फेडला. मीटरच्या तोंडाशी १० डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात घटवणारा तुकडा, लावला. बेरीज-वजाबाकी यंत्राच्या आतच होत असती, तर दोन्ही मूळ सिग्नल १०-१० ने घटल्यावर हा तिसऱ्या क्रमाचा (८१० दोनदा, ७२० एकदा) सिग्नल ३० डेसिबलने कोसळला असता. तो बरोबर १० ने उतरला. म्हणजे बाहेरून, हवेतून येत होता. ही चाचणी मिनिटाभराची आहे, आणि ती न करता शेजाऱ्याला पत्र लिहिणारे लोक मला कधीच समजलेले नाहीत. (वरिष्ठांनी हे वाचलं तर वाचोत.)

मग लूप फिरवली. लूप दिशा दाखवते ती आवाज मोठा कुठे यावरून नाही, तर तो बुडतो कुठे यावरून. बुडण्याची जागा फार टोकदार असते. ८१० वर लावून बघितलं, रेषा पूर्वेच्या मास्टकडे गेली. ७२० ची दक्षिणेकडे. ९०० ची मात्र या दोन्हींकडे न जाता पश्चिमेकडे, शहराबाहेरच्या बागांच्या दिशेने. तंत्रज्ञ नकाशावर पट्टी धरून माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, तिकडे तर काहीच नाही."

गाडीने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आणखी एक रेषा काढली. दोन्ही रेषा एका बागेच्या कोपऱ्यात छेदत होत्या. पूर्वेचं केंद्र त्या क्षणी निर्दोष सुटलं.

बागेभोवती लोखंडी खांबांवर ताणलेल्या तारांचं जुनं कुंपण होतं. त्याची लांब बाजू पावलांनी मोजली तर नव्वद मीटरच्या आसपास भरली, आणि मला हसूच आलं. ८१० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३७० मीटर. तिचा चौथा हिस्सा साडेब्याण्णव. कुणी मुद्दाम अँटेना बांधायला बसलं असतं तरी याहून फार वेगळी बांधली नसती. त्यात भोवतालचं क्षेत्र दांडगं. एक किलोवॅटच्या साध्या मास्टपासून एक किलोमीटरवर मीटरमागे सुमारे ३०० मिलिव्होल्ट मिळतात. शंभर किलोवॅटला ते दहापट, म्हणजे ३ व्होल्ट. अशा दोन शेजाऱ्यांच्या जवळ नव्वद मीटर तार उभी असेल तर तिच्यात बराच विद्युतप्रवाह खेळतो.

कुंपणालगत खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन चाललो. ९०० वर आवाज चढत गेला. कोपऱ्यातल्या खांबाजवळ तुटलेल्या जुन्या तारेला कुणीतरी नवी जस्ताची तार पिळून बांधली होती. पिळाच्या आत गंजाचा तपकिरी लेप. धातू, मध्ये ऑक्साइड, पुन्हा धातू: हा डायोडच झाला, प्रवाह एकाच दिशेने सोडणारा. पूर्वी गॅलेना स्फटिकावर तारेचं टोक टेकवून रेडिओ ऐकायचे त्याच्याच कुळातला. तंत्रज्ञाने सुक्या लाकडाने तो पीळ जरा दाबला. ट्रान्झिस्टर खरखरला आणि ९०० वर शुद्ध शांतता. लाकूड काढलं, निवेदक पुन्हा हजर, वाक्याच्या मधूनच. त्याने तीनचारदा दाबून-सोडून पाहिलं आणि मग त्याला थांबवावं लागलं, इतका तो रंगला होता.

मला एक पडताळा अजून हवा होता. हाच जोड उलट वजाबाकीही करत असणार: ७२० ची दुप्पट १४४०, वजा ८१०, उरले ६३०. तिथे काटा नेला. दोघंही होते. पण या वेळी गाणं फाटलेलं आणि बातम्या साफ. अगदी गणित सांगत होतं तसं. ६३० वर त्या भागात ऐकण्यासारखं केंद्रच नव्हतं, म्हणून त्याची तक्रार कधी आली नव्हती.

तेवढ्यात दक्षिणेने विश्रांती घेतली आणि ९०० आणि ६३० दोन्ही एका क्षणात गेले. काकांच्या वहीतली वेळ आणि माझ्या घड्याळातली वेळ जुळली.

बागेच्या मालकाला समजावणं हा दिवसातला सर्वांत कठीण भाग होता. कुंपणातून बातम्या निघतात म्हटल्यावर त्याने आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, यांची तब्येत ठीक आहे ना, अशा नजरेने. संध्याकाळी दोन्ही केंद्रं चालू असताना लाकडाचा प्रयोग त्याच्याच हाताने करवला, तेव्हा तो स्वतः पक्कड घेऊन आला. गंजका पीळ कापून काढला, तारा घासून क्लॅम्पने घट्ट आवळल्या. आवाज बराच उतरला, पण गेला नाही. आणखी एका खांबाजवळ तसलाच एक लहान भाऊ होता. तोही काढला, तारा एकमेकींना तांब्याच्या पट्टीने जोडून कोपऱ्यात अर्थिंग दिलं. त्यानंतर आमचा सिग्नल बंद असतानाच्या वेळात ९०० वर मीटरला काही सापडेना. एकाच चॅनेलवरच्या नको असलेल्या सिग्नलपेक्षा हवा असलेला ३० डेसिबलने वर असावा असा जिनिव्हा योजनेतला हिशेब आहे. आम्ही त्याच्या कितीतरी पलीकडे गेलो होतो.

काकांच्या वहीत आणखी एक गोष्ट होती, जी मला आधी निरर्थक वाटेल अशी होती: पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस आवाज नाही. गंजाच्या फटीत पाणी शिरलं की जोडाचं वागणं बदलतं आणि डायोडपणा तात्पुरता जातो. असे जोड कोरड्या हवेत जागे होतात.

पूर्वेच्या केंद्राला पाठवलेलं पत्र आम्ही लेखी मागे घेतलं. त्यांच्या इंजिनिअरने मोजमापांच्या प्रती मागवल्या आणि आपल्या मास्टचे ताणतारांचे जोड तपासायला घेतले. आमच्या तक्रार फॉर्मवर मी एक प्रश्न वाढवला: शेजारचं एखादं केंद्र बंद झाल्यावर काय फरक पडतो? त्याखाली पावसाचा प्रश्नही हवा, असा काकांचा आग्रह पडला. तोही घातला.