कथलाच्या गावी

भाचीला आम्हाला कॉर्नवॉलचे समुद्रकिनारे दाखवायचे होते. ब्रिस्टलहून गाडी काढतानाच तिने वाळू, लाटा आणि लँड्स एंड असा बेत सांगून टाकला. मला मात्र खाणी बघायच्या होत्या, त्याही कथलाच्या, म्हणजे टिनच्या. 'मावशी, सोन्याच्या असत्या तर समजलं असतं,' ती म्हणाली. माझं लहानपण जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या हाकेच्या अंतरावर गेलं, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. तिच्या स्वयंपाकघरात कथलाची कल्हई लागेल असं एकही भांडं नाही.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेंट जस्ट नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासच्या किनाऱ्यावर दर वळणाला दगडी इमारती दिसतात. छप्पर गेलेलं, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं, कोपऱ्याला चिकटून उंच धुराडं. बोटॅलॅकची अशी दोन इंजिनघरं तर थेट कड्याच्या पायथ्याशी आहेत, लाटांच्या तुषारांत उभी. लोक तिथे तासन्‌तास कॅमेरे लावून बसतात. फोटो मीही काढले. पण पडझड झाली की कारखानाही देखणा दिसायला लागतो, याचं मला जरा वैषम्यच वाटतं. चालू होतं तेव्हा इथे काय असेल? धूर, घण, चिखल आणि सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष.

सोमल खरंच होता. इथल्या खनिजात तो कथलाबरोबरच यायचा. भट्टीत भाजलं की त्याची वाफ नागमोडी बोगद्यांतून फिरवायची, ती भिंतींवर पांढरी पूड होऊन बसली की माणसांनी आत शिरून ती खरवडून काढायची. संरक्षण काय, तर नाकात कापसाचे बोळे आणि उघड्या अंगाला माती. ही पूड अमेरिकेतल्या कापसावरच्या किडीसाठी जायची. त्या बोगद्यांच्या भिंती बोटॅलॅकला अजून आहेत, आणि आता त्यांच्याकडे पाठ करून लोक सेल्फी काढतात.

इंजिनघरांचं मुख्य काम पाणी उपसणं. या खाणी कड्यापासून सुरू होऊन थेट समुद्राखाली गेलेल्या. वर लाटा आणि खाली सुरुंग, म्हणजे पंप थांबला की खाण बुडाली. त्यातून कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही, तो वेल्सहून जहाजाने यायचा. महाग कोळशात जास्त पाणी कसं उपसायचं या विवंचनेतून इथल्या लोकांनी वाफेच्या इंजिनात एकेक सुधारणा केल्या. जास्त दाबाची वाफ वापरून १८०१ साली रस्त्यावर गाडी पळवणारा रिचर्ड ट्रेविथिक इथलाच, कॅम्बोर्नचा. १८६५ साली युवराज आणि युवराज्ञी बोटॅलॅकच्या खाणीत उतरून समुद्राखाली जाऊन आले. म्हणजे हौशी पाहुणे खाण चालू असतानाही यायचेच. आपण काही नवीन करत नाही.

जवळच लेव्हंटची खाण आहे. तिथलं १८४० सालचं इंजिन १९३५ साली भंगारात निघालं होतं. काही स्थानिक मंडळींनी समिती काढून ते वाचवलं. पण लेव्हंट लोकांच्या लक्षात आहे ती दुसऱ्याच यंत्रामुळे. विहिरीसारख्या उभ्या खाणीत वरपासून खालपर्यंत एक लांबलचक लाकडी दांडा सोडलेला. त्याला ठरावीक अंतरावर पायऱ्या ठोकलेल्या, आणि भिंतीला तेवढ्याच अंतरावर फळ्या. इंजिन दांड्याला वर-खाली करी. दांडा वर आला की पायरीवरून फळीवर पाय टाकायचा, तो खाली जाईपर्यंत थांबायचं, मग समोर आलेल्या पुढच्या पायरीवर. असं करत वर यायचं, अंधारात, पाळी संपल्यावर. शिड्या चढण्यापेक्षा हे किती बरं, असं कामगारांना वाटायचं, त्यात नवल नाही. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी सुटून दांडा माणसांनी भरलेला असताना वरचा जोड तुटला. ३१ जण गेले. १९३० साली ती खाणही बंद पडली.

जीव्हरची खाण १९९० पर्यंत चालू होती, म्हणून तिथे अवशेषांपेक्षा कारखाना बघितल्यासारखं वाटतं. कामगारांची कपडे बदलायची खोली जशीच्या तशी ठेवली आहे. मळलेले डगले खुंटीला तसेच लटकलेले. अठराव्या शतकातल्या एका बोगद्यात हेल्मेट घालून वाकत जावं लागतं. आमच्या पांडवलेण्यांतही डोंगर हातांनीच कोरला आहे, पण तिथे पाठ ताठ ठेवता येते, आणि कोणी दान दिलं ते भिंतीवर लिहिलेलं आहे. इथे फक्त छिन्नीच्या खुणा.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती हलत्या टेबलांपाशी. दगड कुटून पीठ केलेलं असतं, ते पाण्याबरोबर तिरप्या टेबलावर सोडतात आणि टेबल सारखं हिसडे देत राहतं. हलकी वाळू पाण्याबरोबर खाली वाहून जाते, जड कथील मात्र टेबलाच्या एका कडेकडे सरकत जातं. आजी सुपात तांदूळ घोळवायची ना, अगदी तसं. भाचीला मी हे सांगायला गेले, तर तिने सूप पाहिलेलंच नाही.

एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, ते कथील मी पाहिलं होतं ते बोटाएवढ्या कांडीत. कल्हईवाला वाड्याच्या तोंडाशी खळगा करून भाता बसवायचा. पातेलं निखाऱ्यांवर धरून सांडशीने फिरवत राहायचं, ते पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट. भसकन पांढरा धूर, नाकाला झोंबणारा. मग कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, पितळेला त्या तापाने काही होत नाही. चकाकता थेंब पसरायच्या आत कापसाच्या बोळ्याने तो तळापासून काठापर्यंत फिरवायचा, आणि काळपट पातेलं आतून चांदीचं. पाण्यात बुडवताना चुर्र असा आवाज. आम्ही पोरं त्या आवाजासाठीच थांबायचो. हा थर कागदापेक्षा पातळ, पण त्याच्याच भरवशावर ताक आणि चिंचेची आमटी कळकत नसे.

आमच्या पातेल्यांतलं कथील कॉर्नवॉलचं होतं का? ईस्ट इंडिया कंपनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथलं कथील चीनला नेऊन विकत असे, हे खरं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलायाचं, म्हणजे आजच्या मलेशियाचं, स्वस्त कथील बाजारात आलं. तिथे ते नदीच्या गाळात मिळायचं, समुद्राखाली जायची गरज नव्हती. कॉर्नवॉलच्या खाणी पटापट बंद पडायला लागल्या. तेव्हा आमच्या वाड्यातली कल्हई बहुधा कॉर्नवॉलला बुडवणाऱ्यांच्याच बाजूची.

बेकार झालेले खाणकामगार जगभर पांगले. मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आणि आपलं कोलारसुद्धा. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून चालवणाऱ्या जॉन टेलर कंपनीने कॉर्नवॉलहून माणसं आणली होती. मागे राहिलेल्या खाणींना १९८५ साली कथलाचा जागतिक भाव कोसळल्यावर शेवटचा धक्का बसला. साउथ क्रॉफ्टी ही सगळ्यांत शेवटची, १९९८ साली बंद झाली. २००६ साली हा सगळा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पगार गेले आणि पाटी आली. ती पाटी मला आवडली, पण तिथल्या जुन्या माणसांना विचारलं तर ते पगारच मागतील.

आणि गंमत म्हणजे तीच साउथ क्रॉफ्टी पुन्हा उघडायची तयारी चालली आहे. आज कथलाचा सगळ्यांत मोठा वापर डाखासाठी होतो, फोन आणि कॉम्प्युटरच्या आतले जोड त्यानेच सांधतात. ज्या फोनने धुराड्यांचे फोटो काढले, त्यातही कथील आहेच.

नाशकात परतल्यावर पितळी पातेलं घेऊन मी कल्हईवाल्यांकडे गेले. पूर्वी ते दारात यायचे, आता त्यांना शोधत जावं लागतं. भाता गेला, ब्लोअर आला आहे. समुद्राखालच्या खाणी, तो दांडा, ते टेबल, सगळं त्यांना रंगवून सांगितलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'ताई, ती खाण परत चालू झाली तर भाव उतरेल का, तेवढं सांगा.'