फळ्यावरचा एक ऑगस्ट

पावसामुळे शाळा लवकर सोडणार असा निरोप आला म्हणून भाचीला आणायला गेलो, तर सोडायचं कुणी नाव घेईना. व्हरांड्यात पालकांच्या छत्र्या ठिबकत होत्या. अशा वेळी माणूस भिंतीवरचं सगळं वाचून काढतो. मुख्याध्यापकांची नावं, माध्यान्ह भोजनाचा तक्ता, आणि मग दाराशेजारचा फळा. वार, दिनांक, पट, हजर, सुविचार. सगळ्यात खाली दिनविशेष:

जन्म : अण्णाभाऊ साठे, १९२०.
मृत्यू : लोकमान्य टिळक, १९२०.

आकडे एकाखाली एक आले म्हणून नजर अडली. दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. साल एकच, म्हणजे दिवसही अगदी तोच, हे पन्नाशी उलटल्यावर त्या ओल्या व्हरांड्यात कळलं. आणि मी तर एके काळी फळा लिहिणारा माणूस!

सहावी-सातवीत आमच्या शाळेचा फळा माझ्याकडे होता. हुशारी नव्हती, अक्षर बरं होतं. वर्तमानपत्रातले दिनविशेष कापून, खळीने वहीत चिकटवून ठेवायचे आणि सकाळी प्रार्थनेआधी उतरवायचे. गुरुजींचा नियम एक जन्म, एक मृत्यू, एक घटना असा होता. त्याखाली फळाच संपायचा.

एक ऑगस्टला मृत्यूची ओळ ठरलेली. त्या दिवशी भाषणं असत, आणि दर वर्षी निदान सात जण ‘पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणून सुरुवात करून शेंगांची टरफलं उचलायला नकार देत. आठवा सगळं विसरून थेट टरफलांवरच यायचा. घटनेच्या ओळीत प्रीस्टलीचा ऑक्सिजन, १७७४. भिंगाने ऊन पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडून त्याने तो वायू मिळवला होता. ऑगस्टच्या एक तारखेला ऊन कुठून आणलं, हे मात्र मला कित्येक वर्षं पटलं नव्हतं. आमच्याकडे त्या दिवसांत शेणी वाळत नसत.

जन्माच्या ओळीचा घोटाळा होता. वहीत भगवानदादा होते, १९१३. मीनाकुमारी होती, १९३३. मी एकदा भगवानदादांना लिहिलं आणि गुरुजींनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसलं. सिनेमावाले फळ्यावर नकोत. म्हणून ती ओळ बहुतेक वेळा कोरीच राहायची. अण्णाभाऊ माझ्या वहीत नव्हतेच. वाटेगाव आमच्यापासून एसटीने तासाभराचं. ऑक्सिजन इंग्लंडहून आमच्या फळ्यावर पोचला होता, तासाभरावरचा माणूस पोचला नव्हता. संध्याकाळी ओढ्यापलीकडून हलगी ऐकू यायची. कशाची हलगी, हे फळा लिहिणाऱ्याने कधी विचारलं नाही.

घरात काका तलाठी. त्यांच्या लेखी एक ऑगस्ट म्हणजे नवं महसुली वर्ष. एकतीस जुलैच्या रात्री ते दप्तर मांडून असे काही बसत, की जणू त्यांनी शिक्का मारल्याशिवाय ऑगस्ट लागणारच नाही.

टिळक गेले ते मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. मध्यरात्र उलटून तासही झाला नव्हता. थोडे आधी गेले असते तर पुण्यतिथी एकतीस जुलैला पडली असती आणि आज मृत्यूच्या त्या एका ओळीसाठी मोहम्मद रफींशी गाठ पडली असती. (फळा लिहिणाऱ्याला असले प्रश्न पडतात. त्याला इलाज नाही.) गांधीजींनी असहकार सुरू करायला नेमका तोच दिवस नेमला होता. ते अंत्ययात्रेत आले, त्यांनी खांदा दिला. मुसळधार पावसात लोटलेल्या त्या गर्दीसमोर चौपाटीच्या वाळूत अग्नी दिला गेला.

म्हणजे त्या दिवशी फळा असता तर मृत्यू आणि घटना या दोन ओळी तिथल्या तिथे भरल्या असत्या. जन्माची ओळ कोरी. गाजलेल्या माणसाचं जाणं दुसऱ्या दिवशी छापून येतं, येणं लिहायला मात्र लोक चाळीस-पन्नास वर्षं घेतात. त्यातही वाटेगावला झालेल्या त्या पोराची खबर कोण लिहिणार होतं? पुढे ते पोर दीड दिवस शाळेत गेलं म्हणतात. फळ्याशी ओळख तेवढीच. आता दर वर्षी त्या फळ्यावर नाव असतं.

आमच्या आजोबांच्या जन्माची तारीख एक जून. गावातल्या निम्म्या लोकांची तीच आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख ठोकून दिली. पण एक जूनला शाळेला सुट्टी. निम्मं गाव ज्या दिवशी जन्मलं त्या दिवशी फळाच नाही! मला हे फार लागलं होतं. पणजी सांगायची, ‘मानमोडीच्या साली, बेंदराच्या आदल्या दिवशी झाला.’ म्हणजे फ्लूच्या साथीचं १९१८ आणि आषाढ, एवढं गणित मला जमलं. मग जुलैतला एक कोरा दिवस बघून मी ठोकून दिलं, ‘जन्म : थोर शेतकरी’ आणि पुढे आजोबांचं पूर्ण नाव. मास्तरांनी एक तारीख दिली होती, मी दुसरी दिली.

प्रार्थनेनंतर गुरुजींनी विचारलं, हे कोण? माझे आजोबा. दोन छड्या बसल्या. संध्याकाळी आजोबा रानातून परस्पर शाळेत आले. खांद्यावर खुरपी, पायाला चिखल. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

‘‘कुठं हाय रं मी?’’

तोवर पुसून झालं होतं. मी ओलसर जागा दाखवली. ते जरा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, ‘‘अक्षर चांगलं आसंल.’’

घंटा झाली. भाची चपला हातात घेऊन पळत आली.

‘‘मामा, उद्यापासून फळा माझ्याकडे. दोन ऑगस्टला कोण जन्मलं?’’

‘‘फोनवर बघ की.’’

‘‘बघितलं. खूप जण आहेत. जागा एकाचीच आहे.’’

मी एक नाव सुचवणार होतो, तेवढ्यात रिक्षा आली.