कोलंबी, तोळा आणि अर्धवट मसले

मुंब्रा-कौशातल्या कुठल्याही बिल्डिंगीत एकाच मजल्यावर समोरासमोर दोन दारं धरा. एका घरात कोलंबीचं कालवण रटरटतंय, दुसऱ्या घरात कोलंबी कधी येतच नाही. दोन्ही घरं सुन्नी, दोन्ही नमाजी, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर. पहिलं घर कोकणी, म्हणजे बहुधा शाफई (सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरांपैकी, एक). त्यांच्याकडे कोलंबी सरळ हलाल. दुसरं उत्तर प्रदेशातून आलेलं हनफी, म्हणजे दुसऱ्या मजहबाचं. त्यांच्या मजहबात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा खायचा. आता कोलंबी ही मासा धरायची की नाही, यावर खुद्द हनफी उलेमांत दोन मतं आहेत. काही खा म्हणतात, काही टाळा म्हणतात. अशा वेळी ऑफिसात डबा खाता खाता कोणी विचारलं, "तुमच्यात कोलंबी चालते का हो?" तर नुसतं ‘हो’ही अपुरं आणि नुसतं ‘नाही’ही अपुरं.

‘इस्लाममध्ये असं आहे’ या वाक्यात बहुतेक वेळा एक तुकडा गळलेला असतो: कोणाच्या मते? ठाणे जिल्ह्यात तो तुकडा गाळणं फार महागात पडतं. भिवंडी, राबोडी, मुंब्रा, कल्याण, पलीकडे तळोजे-पनवेल, सगळीकडे कोकणी शाफई आणि उत्तरेकडून आलेले हनफी भिंतीला भिंत लावून राहतात. शिवाय अहले हदीस (चारपैकी एकही मजहब न धरणारे) आहेत, शिया आहेत, बोहरी आहेत. हनफींमध्येच देवबंदी आणि बरेलवी. एका घरात खरं असलेलं उत्तर शेजारच्या घरात चुकीचं ठरतं, आणि सांगणाऱ्याला पत्ताही नसतो.

असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज घ्या. वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली (भर दुपारची मूळ सावली वगळून) की शाफईंची असर सुरू होते. हनफींमध्ये प्रचलित मत दुप्पट सावलीचं. आपल्याकडे या दोन वेळांत हिवाळ्यात साधारण पाऊण तासाचा आणि उन्हाळ्यात सव्वा तासापर्यंतचा फरक पडतो. म्हणून एका मशिदीतून अजान होते आणि दुसरी शांत असते. यात कोणी लवकर किंवा उशिरा करत नाही. पण "हनफींची असर दुप्पट सावलीनंतरच" असं ठणकावून सांगणाराही थोडा घसरतो, कारण इमाम अबू हनीफा यांचेच दोन मोठे शिष्य, इमाम अबू युसुफ आणि इमाम मुहम्मद, एकपट सावलीच्या बाजूचे होते. म्हणजे मजहबचं नाव घेतलं तरी मसला (धर्मनियमाचा प्रश्न) पुरता सांगून झाला असं नाही.

असे फरक रोजच्या जगण्यात पसरलेले आहेत. जखमेतून रक्त वाहिलं तर हनफींचा वुजू (नमाजआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी) जातो, शाफईंचा नाही. नवऱ्याचा हात बायकोच्या हाताला लागला तर शाफईंचा वुजू जातो, हनफींचा नाही. कुर्बानी हनफींकडे ऐपत असणाऱ्यावर वाजिब (बंधनकारक) आणि तीन दिवस, १० ते १२ जिलहिज (बकरी ईदचा महिना). शाफईंकडे ती ताकीद असलेली सुन्नत आणि १३ तारखेपर्यंत चार दिवस. फित्र्यात (रमजान ईदच्या दानात) हनफींकडे रोख चालते, तर शाफई मजहबच्या मूळ मतानुसार धान्यच द्यायचं. आपल्याकडे ते धान्य म्हणजे तांदूळ. सोसायटीच्या ग्रुपवर ‘फित्रा माणशी इतके रुपये’ असा एकच आकडा फिरतो तेव्हा तो अर्ध्या इमारतीसाठीच असतो.

जकातीवर (ऐपतदाराने दरवर्षी मालातून द्यायचं बंधनकारक दान) जरा थांबायला हवं, कारण इथे चूक थेट पैशात पडते आणि ती सहसा गरिबाच्या खिशातून जाते. आपल्याकडे प्रचलित निसाब (ज्याच्यापुढे जकात लागू होते ती मर्यादा) म्हणजे सोनं साडेसात तोळे, चांदी साडेबावन्न तोळे. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा, हिशोब ८७.४८ ग्रॅम सोनं आणि ६१२.३६ ग्रॅम चांदी असा येतो. पण जांभळी नाक्याला सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्या तोळ्याने मोजलं की निसाब ७५ ग्रॅम सोनं आणि ५२५ ग्रॅम चांदीवर घसरतो. एखाद्या विधवेकडे ५५० ग्रॅम चांदीची भांडी आहेत आणि बाकी काही नाही. सराफी तोळ्याने ती साहिबे-निसाब (निसाब भरलेली, म्हणून जकात घ्यायला अपात्र) ठरते, आणि मोहल्ल्याच्या जकात घेणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव कटतं. खऱ्या तोळ्याने तिचा निसाब भरत नाही. कोणीतरी कॅल्क्युलेटरवर आत्मविश्वासाने चुकीचा गुणाकार केला, एवढंच कारण.

पुढचा गुंता दागिन्यांचा. अंगावर वापरायचे सोन्याचे दागिने शाफई मतानुसार सहसा जकातीतून सुटतात, वापर जायज आणि रीतीप्रमाणे असेल तर. हनफी मतानुसार वापरातलं सोनंही मोजायचं. त्यात हनफींकडे सोनं, चांदी, रोख यांची किंमत एकत्र धरतात, म्हणून ६० ग्रॅमचे दागिने आणि जवळ पाच हजार रुपये असलेल्या बाईला "साडेसात तोळे कुठे भरलेत, तुम्हाला जकात नाही" असं सांगणं चूक आहे. किमतीची बेरीज चांदीच्या निसाबावर जाते, आणि ती केव्हाच पार होते. शाफईंकडे सोनं आणि चांदी अशी एकमेकांत मिळवत नाहीत. एकाच बाईसाठी दोन उत्तरं, आणि कोणतं लागू ते ती कोणता मजहब पाळते यावर.

वर्षाचंही तसंच. जकातीचं वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. बरेच नोकरदार मार्चअखेर बाकीच्या हिशोबांसोबत जकातही काढतात आणि दर मात्र अडीच टक्केच ठेवतात. दरवर्षी अकरा दिवस गळतात, साधारण ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते. सौर वर्षाने काढायचीच तर दर २.५७७ टक्क्यांच्या आसपास धरतात. रमजानची एक तारीख ठरवून घेणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

आता व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड. त्यात दोन प्रकार जास्त त्रास देतात. एक, अर्धी आयत (कुरआनचं वचन). कुरआनच्या ४:४३ मध्ये (चौथा अध्याय, ४३वी आयत) ‘नमाजच्या जवळ जाऊ नका’ हे शब्द आहेत. पुढे ‘नशेत असताना’ आहे. हा मदरशातला जुना विनोद. पण हाच प्रकार ९:५ बाबत गंभीरपणे चालतो. ‘मुश्रिकांना (अल्लाहसोबत इतरांना पूजणाऱ्यांना) मारा’ एवढंच पुढे सरकतं. तहाचा, युद्धाचा मागचापुढचा संदर्भ गळतो, आणि लगेचची ९:६ तर कोणी वाचतच नाही: त्यांच्यापैकी कोणी आसरा मागितला तर द्या, अल्लाहचं म्हणणं ऐकू द्या, मग त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा. आपले लोकही हेच करतात, फक्त उलट दिशेने. ‘एकाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं’ ही ५:३२ लिहिताना खून आणि जमिनीवरचा फसाद हे तिच्यातले दोन अपवाद गुपचूप वगळतात. आयत चांगल्या हेतूने कापली तरी कापलेलीच. किमान उपाय असा, की मागच्या पाच आणि पुढच्या पाच आयती वाचल्याशिवाय एकही आयत पुढे पाठवायची नाही.

दुसरा प्रकार पत्ता नसलेल्या हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदीचा. खाली ‘बुखारी शरीफ’ लिहिलं की लोकांना पुरतं. ग्रंथ, क्रमांक आणि दर्जा, तिन्ही हवेत. बुखारी आणि मुस्लिम यांच्या दोन सहीह संग्रहांबाहेरची हदीस असेल तर ती सहीह (भक्कम), हसन (चांगली), जईफ (कमकुवत) की मौजू (बनावट), हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘इल्मसाठी (ज्ञानासाठी) चीनला जावं लागलं तरी जा’ ही आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगपासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकू येते. हदीसचे जुने अभ्यासक इब्नुल जौजी यांनी ती बनावट हदीसांत घातलेली आहे. इल्म मिळवणं फर्ज असल्याची हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे, तिने काम भागतं. आणि हदीस सहीह निघाली म्हणून तिच्यावरून लगेच हुकूम काढायचा असंही नाही. सहीह मुस्लिममध्ये अशी हदीस आहे: मी तुम्हाला कबरींच्या भेटीला मना केलं होतं, आता जा. पहिला हुकूम दुसऱ्याने उठवला. ज्याच्या हाती फक्त पहिला लागला, तो प्रामाणिकपणेच चुकीचं सांगणार.

न विचारता सांगण्याने काय होतं, याची सर्वात कठोर नोंद सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात आहे. प्रवासात एकाचं डोकं दगडाने फुटलं. रात्री त्याच्यावर गुसल (पूर्ण अंघोळ) वाजिब झाला. त्याने सोबत्यांना विचारलं, मला तयम्मुमची (पाण्याऐवजी मातीने शुद्ध होण्याची) सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी उपलब्ध आहे, सवलत नाही. त्याने अंघोळ केली आणि तो मेला. पैगंबर (स.) यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, त्यांनी त्याला मारलं, माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? न कळण्यावर इलाज विचारणं हाच. ते सोबती काही दुष्ट नव्हते. त्यांना पाण्याचा नियम पाठ होता, जखमेचा नव्हता.

रोज्याच्या दिवसांत हेच मुंब्र्यात दवाखान्याबाहेर घडतं. "सुई टोचली, रोजा गेला" असं कोणीतरी म्हणतं आणि मधुमेही माणूस साखर तपासणं सोडतो. बोटाला टोचून रक्त तपासल्याने रोजा जात नाही. तापात सुटलेल्या रोज्यांचा फिद्या (रोज्याऐवजी द्यायचं दान) देऊन मोकळे होतात, तेही चूक. बरा होण्यासारखा आजार असेल तर कजा (नंतर भरपाईचा रोजा) ठेवायचा असतो, फिद्या बरं होण्याची आशा नसलेल्यासाठी. आणि इथे प्रश्नाचे दोन भाग असतात. रोजा धरल्याने तब्येतीला धोका आहे का, हे डॉक्टर सांगेल. धोका असेल तर हुकूम काय, हे मुफ्ती सांगतील. दोघांनी एकमेकांचं काम करू नये.

विचारायचं कोणाला, इथेही गफलत होते. हाफिज म्हणजे कुरआन मुखोद्गत असलेला. त्याने फिकह (धर्मनियमांचं शास्त्र) शिकली असेलच असं नाही. कारी तिलावतीचा (कुरआनपठणाचा) जाणकार. इमाम नमाज पढवतात. ते आलिम (धर्मविद्वान) असतील किंवा नसतील. आलिम होण्याचा दर्से-निजामी अभ्यासक्रम साधारण आठ वर्षांचा, आणि त्यानंतर इफ्ताचं (फतवा देण्याचं) वेगळं शिक्षण घेतलेला तो मुफ्ती. मराठी बातम्यांत हे सगळे सरसकट ‘मौलवी’ होतात. यूट्यूबवरचा वक्ता तर यापैकी कशातही बसत नाही, पण त्याचाच हवाला जास्त दिला जातो.

दारुल इफ्तात (जिथे मुफ्ती फतवा देतात त्या कार्यालयात) प्रश्न लेखी द्यावा. घटना जशी घडली तशी, तारखेसह. बोललेले शब्द असतील तर ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत, हुबेहूब. कोणता मजहब पाळता तेही लिहावं. पैशाचा मामला असेल तर आकडे. हवं ते उत्तर मिळावं म्हणून अडचणीचा तपशील गाळला तर उत्तर कागदावर बरोबर आणि तुमच्यासाठी निरुपयोगी असतं, कारण मुफ्ती समोरच्या कागदावरून सांगतात, चौकशीला येत नाहीत. उत्तराच्या शेवटी ‘वल्लाहु आलम’ असतं, अल्लाह अधिक जाणतो. शिकलेला माणूस सही करतानाही तेवढी जागा सोडतो. मालिकी मजहबचे इमाम मालिक यांना एकदा ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यांपैकी ३२ ना त्यांनी ‘मला माहीत नाही’ म्हटलं, अशी नोंद आहे, मदिनेत बसून.

तलाकच्या बाबतीत तर शेजारी, मामा, चाचा कोणीही तोंड उघडू नये. एका दमात दिलेल्या तीन तलाकांची गणती चार सुन्नी मजहबांच्या प्रसिद्ध मतानुसार तीन, अहले हदीसकडे एक, आणि शियांकडे दोन साक्षीदारांच्या अटीशिवाय तलाकच नाही. त्यावर देशाचा कायदा: सुप्रीम कोर्टाचा २२ ऑगस्ट २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा, ज्याने असा तलाक रद्दबातल आणि तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरवला. फतवा कायद्याने बंधनकारक नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे मुफ्ती आणि वकील, दोन्ही दारं.

वारशातही "मुलीला अर्धं" हे वाक्य असंच अपुरं. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंतची वसीयत (मृत्युपत्र), आणि उरलेल्याचे हिस्से. मागे बायको, आई, एक मुलगा, एक मुलगी असतील तर ७२ पैकी बायकोला ९, आईला १२, मुलाला ३४, मुलीला १७. पण मुलगा नसेल आणि मुलगी एकटीच असेल तर तिचा ठरलेला हिस्सा अख्ख्या मालमत्तेचा अर्धा. दोन किंवा जास्त मुली असतील तर मिळून दोन तृतीयांश. वारसांपैकी एकाचं नाव लिहायचं राहिलं की सगळे आकडे बदलतात. आणि फ्लॅटच्या कागदावर कोणाचं नॉमिनेशन आहे यावरून वारस ठरत नाहीत, कायद्यानेही नाही.

चुकीचं सांगून झालंच असेल तर ज्याला सांगितलं त्याला गाठून सुधारून सांगावं लागतं. ग्रुपवर टाकलं असेल तर त्याच ग्रुपवर, डिलीट करून नव्हे, कारण तोवर ते दुसऱ्या चार ग्रुपांत गेलेलं असतं. जकात कमी निघाली असेल तर फरक आजही देता येतो. रोजा चुकीने मोडायला लावला असेल तर कजा धरता येतो. हिस्से वाटून खरेदीखतं झाली असतील तर मात्र सगळ्या वारसांना पुन्हा एकत्र बसवावं लागतं, आणि तोवर त्यातला एखादा आपला हिस्सा विकून मोकळाही झालेला असतो.