आमची वाटचाल : अण्णांची वही आणि कोरडी गेलेली तीन वर्षे

कराडमध्ये आमचे डीटीपीचे दुकान होते. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी फिरल्या, मतदार यादीच्या भागांचे क्रमांक बदलले, कार्यकर्त्यांच्या जुन्या वह्या कुचकामी ठरल्या आणि २००९ च्या विधानसभेला पोलचिटसाठी, म्हणजे मतदाराचे नाव आणि यादीतला क्रमांक छापलेल्या चिठ्ठ्यांसाठी, आमच्या दारात रांग लागली. तिथून आम्ही निवडणुकीच्या कामात शिरलो.

२०१२ साली ढेबेवाडी खोऱ्यातले अण्णा जिल्हा परिषदेला उभे राहिले. सलग तीन रात्री आम्ही त्यांच्या पडवीत बसून त्यांच्या गटाची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाची, मतदार यादी वाचली. गावात राहणाऱ्याला हिरवी खूण, मुंबईला गेलेल्या मतदाराला लाल, मयताला काळी. लाल खुणेपुढे घणसोली, कोपरखैरणे की घाटकोपर, आणि भावकीत कोणाच्या शब्दावर माणूस मतदानासाठी गावच्या गाडीत बसेल, हेही अण्णांनी तोंडपाठ सांगितले. ती वही आजही आमच्या कपाटात आहे. २०१७ ला अण्णा पडले, तरी निकालानंतर आठवड्याच्या आत त्यांनी आमचे बिल चुकते केले.

निवडणूक आयोगाची यादी चित्ररूपी पीडीएफमध्ये मिळते, त्यामुळे शोधण्याजोगी यादी हवी असेल तर नावे नव्याने टाइप करून ताळा करावा लागतो. त्या कामात तयार झालेला आमचाच एक मुलगा पुण्याच्या एका कंपनीत गेला आणि २०२१ च्या ग्रामपंचायतींना त्या कंपनीचे मतदार शोधण्याचे ॲप आमच्या निम्म्या दरात गावोगाव फिरू लागले. एका गिऱ्हाइकाने ते दाखवले, तेव्हा आमच्या हातून चुकून ‘पवार’चे ‘पावर’ झालेले एक घर त्यात जसेच्या तसे होते. आमच्या रात्रींची कमाई दुसऱ्याच्या नावावर खपली, याची चीड अजून गेलेली नाही.

त्यातच ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आला आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकाच थांबल्या. २०२४ ची लोकसभा-विधानसभा मोठ्या कंपन्यांनी नेली; आमच्या वाट्याला चिठ्ठ्यांची छपाई आली. दोन थर्मल प्रिंटर विकले, चारपैकी तीन मुलांना घरी पाठवावे लागले. २०२३ च्या दिवाळीत अण्णा स्वतः दुकानात आले आणि निवडणुकीचा पत्ता नसताना मुंबईकरांची यादी अद्ययावत करण्यासाठी आगाऊ रक्कम ठेवून गेले. दुकानाचे शटर त्या पैशांवर उघडे राहिले.

नव्या उमेदवारांना आमचे कळकळीचे सांगणे आहे, की सर्वेक्षणावर पैसे ओतण्याआधी प्रारूप, म्हणजे कच्ची मतदार यादी हातात घ्या. स्थानिक निवडणुकीत विधानसभेची यादी फोडून प्रभाग आणि गण (पंचायत समितीचे मतदारसंघ) पाडले जातात. त्यात अख्खी आळी शेजारच्या प्रभागात गेलेली आम्ही पाहिली आहे, आणि हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते.

६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन आला, “वही काढून ठेवा, मी उद्या येतो.”