आमची जांभळी आर्मी आणि साडेबाराचा आकडा

बेळगावात राहून 'मी आर्मी आहे' म्हणायची सोय नाही. इथं आर्मी म्हणजे कॅम्पातलं मराठा सेंटर, पहाटे रस्त्याकडेनं पळणारी पोरं, भरती निघाली की स्टेशनवर पेपर अंथरून झोपलेली गर्दी आणि दर दोन घरांआड एक सुभेदार काका. आमच्या शेजारच्या अशाच एका रिटायर्ड काकांना मी सांगितलं की काका मी पण आर्मीच, खरं कोरियाची, तर त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग मी सगळं सांगत बसले, की बीटीएस म्हणून दक्षिण कोरियातला सात पोरांचा ग्रुप आहे, २०१३ पासून गातात नाचतात, आणि जगभरच्या त्यांच्या फॅन लोकांना आर्मी म्हणतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगार?" नाही. "पेन्शन?" नाही. "मग कँटीनचं कार्ड तरी मिळतंय काय?"

हसायला काय, सगळेच हसतात. मी पस्तिशी ओलांडलेली बाई, एका पतसंस्थेत कॅशियर, दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजायच्या आणि रात्री भांडी आवरून इअरफोन घालून एक अक्षर कळत नाही अशा भाषेतली गाणी ऐकायची, म्हणजे घरच्यांना हे वेडच वाटणार ना. फक्त बाबा काही बोलत नाहीत. त्यांच्या तरुणपणी ते निपाणीत रेडिओ सिलोनचे भक्त होते, अमीन सयानींचा आवाज लागला की घरात कुणी खोकायचं नाही, आणि फर्माईशीची पोस्टकार्डं पाठवायची ती वेगळीच. आता झुमरी तलैया हे झारखंडातलं अभ्रकाच्या खाणींचं गाव, तिकडं यांचा ना सोयरा ना धायरा, तरी तिथल्या फर्माईशवाल्यांची नावं रेडिओवर ऐकून ऐकून बाबांना ती माणसं गल्लीतलीच वाटायची. त्यामुळं मी कधीही न बघितलेल्या मैत्रिणींबद्दल बोलायला लागले की त्यांना त्यात नवल वाटत नाही.

मैत्रिणींचं आता सांगते. आम्ही एकमेकींना गावावरून हाक मारतो, गोकाक, निपाणी, खानापूर, हुक्केरी, अथणी. ओळख झाली ती ग्रुप ऑर्डरमुळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अल्बम कोरियाहून मागवावा लागतो, त्यात सीडी असते, ती लावायला घरात काही नसतं तरी घ्यायचा, कारण आत पत्त्याएवढी फोटोकार्डं असतात आणि सातातला कोण निघेल ते नशीब. एकटीनं मागवलं तर पार्सलचा खर्च अल्बमाच्या वर जातो, म्हणून दहा-बाराजणींनी मिळून मागवायचं, एकीनं मॅनेजर व्हायचं, तिच्याकडं सगळ्यांनी आधीच पैसे भरायचे, मग खोकं येतं, कस्टमवाले काय लावतील ते लावतात, आणि खोकं फोडताना अख्खा व्हिडिओ काढायचा, चिकटपट्टीला कात्री लागण्याआधीपासून ते शेवटचं कार्ड बाहेर येईपर्यंत, मध्ये कट नाही. हात फ्रेमच्या बाहेर गेला तरी ओरड होते. मग वजनाप्रमाणं पार्सलचा खर्च, किमतीप्रमाणं ड्युटी, रुपया-रुपयाचा हिशेब शीटवर. कार्डाच्या कोपऱ्याला नखाएवढा ओरखडा असला तर त्यावर तासभर चर्चा.

आमच्या पतसंस्थेत पाच हजारांच्या कर्जाला जामीनदार लागतो, आणि इथं गोकाकातल्या एका मुलीला, जिचा चेहरा कुणी बघितला नव्हता, पोरी पगारातले, स्कॉलरशिपचे, भिशीचे पैसे पाठवत होत्या. आणि एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही. मी हे धंद्यातली बाई म्हणून सांगते. लोकांना वाटतं फॅनगिरी म्हणजे किंकाळ्या आणि पोस्टर, खरं त्यातला मोठा भाग हा वसुलीचा आणि पावत्यांचा असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमची अशीच एक ऑर्डर चालू होती. यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली, पुणे-बेंगळूर रस्ता बंद, निपाणी इकडं येईना आणि आम्ही तिकडं जाईना, आणि घटप्रभेचं पाणी गोकाकात शिरलं. दोन दिवस गोकाकचा एकही मेसेज नाही. ग्रुपमध्ये एरवी दिवसाला शेकड्यानं मेसेज पडायचे तिथं नुसतं 'आली काय ऑनलाइन?' एवढंच. तिसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला, अर्धा कन्नडमध्ये अर्धा आमच्या मराठीत, मागं बायकांचा कालवा: "माझं घर वर हाय, मी बरी हाय, खालच्या गल्लीतल्या सगळ्या शाळेत हायत. बिस्किटं पाठवू नका गे, बिस्किटं लई झाल्यात. पॅड पाठवा. आतले कपडे पाठवा, मापात पाठवा, लहान-मोठे मिसळून नको."

ऑर्डर तिथंच रद्द. कोरियाला जाणारे पैसे गोकाकच्या रस्त्याला लागले, आणि मजा म्हणजे नवीन काही शिकावं लागलं नाही कुणाला. तीच शीट, फक्त फोटोकार्डाच्या कॉलमात मापं आली. कुणी काय घेतलं, कुठल्या दुकानातून, बिलाचा फोटो, कुणाच्या टेम्पोतनं गेलं, कुणी उतरवून घेतलं. आणि खोकी फोडतानाचा व्हिडिओ, कट न करता. गोकाकनं शाळेच्या व्हरांड्यात तो काढला तेव्हा एक म्हातारी मागून विचारत होती की हे काय चाललंय, आणि ही म्हणाली, "अज्जी, लेक्क" (म्हणजे हिशेब). मोठमोठ्या संस्थांचे ट्रक आले होते त्या दिवसात, चांगलं काम केलं त्यांनी, खरं मापात कपडे फक्त आमच्या खोक्यात होते हे मी जरा मिरवून सांगणार.

पुढच्या वर्षी तिकडं अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा खून झाल्यावर आंदोलनं पेटली, जूनमध्ये बीटीएसनी १० लाख डॉलर दिले, आणि आर्मीनं साधारण एका दिवसात तेवढेच आणखी गोळा केले. 'वन इन ॲन आर्मी' म्हणून फॅन लोकांचीच एक टीम आहे, २०१८ पासून, त्यांनी ते जमवलं. पेपरात आलं तेव्हा बातमीचा सूर असा की बघा या पोरींना अचानक जाग आली. अचानक कसली? ते लोक त्याआधी दर महिन्याला कुठली तरी लहान संस्था निवडून पाच-पाच डॉलर गोळा करतच होते. बातमी फक्त मोठ्या आकड्याची होते.

आता सगळं गोडगोड पण नाही. हजारो लोक एका इशाऱ्यावर एकच गोष्ट करायला तयार असतात, तेव्हा इशारा देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर असावं लागतं, आणि ते नेहमी असतंच असं नाही. एकदा कुठल्या तरी दुकानदारानं 'बायकी पोरं' म्हणून फालतू पोस्ट टाकली, तर मोठ्या ग्रुपमधून फर्मान निघालं की त्याच्या दुकानाला एक-एक स्टार द्या. संध्याकाळपर्यंत शेकडो जणींनी दिले, ज्यांनी ते दुकान कुठल्या गावात आहे ते पण बघितलं नव्हतं. आमच्याकडं हा विषय आला तर गोकाक म्हणाली, "त्याच्याकडं कामाला बायका असतील की. धंदा बुडाला तर आधी त्यांना काढतंय." त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, दोघी ग्रुप सोडून गेल्या, त्यातली एक माझी चांगली मैत्रीण होती आणि आजपण लग्नाकार्यात दिसली तर मान वळवते. मला अजून गोकाकचंच पटतं.

गोकाक घरी कन्नड, निपाणी-खानापूर मराठी, अथणी दोन्ही, आणि ग्रुपमध्ये जे लिहिलं जातं त्याला काय म्हणावं ते कुठल्या साहित्य संमेलनाला सांगता येणार नाही. एक नोव्हेंबरला मात्र गंमत असते, कन्नड लोकांचा तो राज्योत्सव आणि इकडच्या मराठी लोकांचा काळा दिन. एकीच्या स्टेटसला पिवळा-लाल झेंडा, दुसरीच्या स्टेटसला काळा चौकोन आणि भाऊ सायकल फेरीत गेलेला, माझ्या स्टेटसला काय असतं ते इथं लिहीत नाही कारण भाऊ माझा पण वाचतो. दिवसभर ग्रुप गप्प. रात्री दहाला कुणीतरी विचारतं की नवीन व्हिडिओ बघितला काय, आणि परत सुरू. यावरून आमच्याकडं सीमाप्रश्न सुटला असं कुणी समजू नका, तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि पाटी कुठल्या भाषेत यावरून आम्ही पण भांडलोय. फक्त इथं पहिल्या भेटीत 'तू कुणाकडची?' असं कुणी विचारलं नव्हतं, 'सातातला तुझा कोण?' एवढंच विचारलं होतं, त्यामुळं बाकीचं कळेपर्यंत उशीर झाला होता आणि माणूस आवडून बसलं होतं.

गोकाकचा जीव दोन ठिकाणी, एक सातातला जिन आणि एक अप्पू, म्हणजे कन्नड सिनेमातला हिरो पुनीत. २९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार गेले तेव्हा ती चार दिवस जेवली नाही. त्यांनी डोळे दिले, वडील राजकुमारांनी पण दिले होते, अप्पूंच्या डोळ्यांनी चार जणांना दृष्टी मिळाली, आणि कर्नाटकात नेत्रदानाच्या फॉर्मची रीघ लागली. तिनं आम्हा सगळ्यांना फॉर्म पाठवले, विनंती वगैरे नाही, 'भरा' म्हणून. मी टेबलावर बसून भरत होते तर आई आली, वाचायला लावला, आणि म्हणाली, "डोळे दिले तर फुडल्या जन्मात आंधळं येतंय म्हणत्यात की." मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "आता तरी मोतीबिंदूनं काय दिसालंय मोठं. आण हिकडं, मी पण भरतो."

जिन २०२२ च्या डिसेंबरात लष्करात गेला, तिकडं पोरांना सक्तीनं जावंच लागतं. ग्रुपमध्ये नुसती रडारड, त्याच्या कापलेल्या केसांचा फोटो बघून तर विचारू नका. मी सुभेदार काकांकडं तक्रार केली तर म्हणाले, दीड वर्ष? दीड वर्षात तर आमचा बूट पण मऊ होत नव्हता. तरी फोटो मागून घेतला आणि बारकाईनं बघून म्हणाले, कट बरोबर मारलाय.

तो तिकडं असताना ४ डिसेंबरला त्याच्या वाढदिवसाला आम्ही रक्तदान शिबिर घेतलं. आर्मीचा रंग जांभळा, म्हणून जांभळे टी-शर्ट, जांभळे फुगे, केक. पोरी अगदी नटून रांगेत. टेबलावरचा माणूस बोटाला सुई टोचणार, थेंब बघणार, आणि "पुढच्या वेळी या ताई." पुढची. "पुढच्या वेळी या." रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं आणि वजन कमीत कमी ४५ किलो, हे बॅनरवर आम्हीच छापलं होतं, खरं ते आपल्याला लागू आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझं साडेदहा. हुक्केरीचं नऊच्या आसपास, तिला तर त्यानं बसवून पाणीच दिलं. शेवटी रक्त दिलं ते बहुतेक भावांनी, ज्यांना आम्ही बिर्याणीचं आमिष दाखवून आणलं होतं आणि ज्यांना सातांतल्या एकाचं नाव सांगता येत नव्हतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. असला आकडा पेपरात वाचून आपण पान उलटतो. टी-शर्ट घालून रांगेत उभं राहिलं की तो वेगळा लागतो. त्या रात्री ग्रुपमध्ये कुणी जोक टाकला नाही, आणि मग हुक्केरीनंच शीट उघडली. प्रत्येकीचं नाव, पुढं आकडा, तारीख, रिपोर्टचा फोटो. साडेबाराच्या वर गेलं की चौकट जांभळी. ज्या पोरीला आई 'गोळी घे' म्हणून थकली होती ती आता जांभळ्या चौकटीसाठी गोळी घ्यायला लागली. आशाताईंकडच्या लोहाच्या गोळ्या फुकट असतात, त्या पोट बिघडतंय म्हणून सगळ्यांच्या कपाटात पडून होत्या, त्या बाहेर निघाल्या. गोळी आणि जेवणावर लगेच चहा नको, वर लिंबू पिळा, नाचणी, अळीव. गोकाकनं सगळ्यांना करदंट पाठवलं, डिंक-खोबरं-सुकामेवा घातलेलं, त्यात लोह किती आणि गूळ किती यावर वाद आहे, खरं परत पाठवा असं कुणी म्हणालं नाही.

२०२५ च्या जूनपर्यंत सातही जण सक्तीच्या सेवेतून मोकळे झाले. ग्रुप असा जागा झालाय की फोन चार्जिंगवरून काढता येत नाही, आणि परत ४ डिसेंबरची तयारी. काल रात्री निपाणीनं रिपोर्ट टाकला, १२.४. खाली लगेच खानापूर, "पॉइंट एकला काय होतंय गे, माझ्या ओळखीचा माणूस हाय तिथं." गोकाक, "होतंय. महिन्यानं परत तपास. चहा बंद." निपाणी, "चहा सोडून काय पण सांग." मग दूध घातलेला चहा चालतो की कोरा, जेवणाआधी किती वेळ, बाटलीतलं लिंबू सरबत धरायचं की नाही, हे एक वाजेपर्यंत चाललं, आणि रक्त दिलेल्यांना बिस्किटं द्यायची त्याचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं ते मी दोनदा विचारलं तरी एकीनं उत्तर दिलं नाही.